अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि त्याच्या पांढऱ्या पेशी

आमच्याकडून ब्रेस्ट पंप भाड्याने नेणाऱ्या अनेक आयांचं बाळ त्या वेळी काचेच्या पेटीत असतं. पंप कसा जोडायचा ते समजावून होतं, आणि निघता निघता प्रश्न येतो: "डॉक्टर म्हणाले, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे. म्हणजे नेमकं काय हो?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट, बाळाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, बिघडलेल्या नाहीत. पोटात असताना शांत राहणं हेच त्यांचं काम होतं. आईच्या काही पेशी बाळाच्या शरीरात पोचत असतात. त्या परक्या समजून बाळाच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडल्या, तर गर्भालाच धोका. म्हणून गर्भात दाह (लढताना शरीरात उठणारी सूज, लाली) आवरून धरणाऱ्या टी पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, भरपूर असतात. बाकीच्या टी पेशी संख्येने कमी नसतात, पण कोऱ्या असतात. जंतूंशी त्यांची गाठच पडलेली नसते. दिवस भरलेलं बाळही हाच स्वभाव घेऊन जन्माला येतं.

मग 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं वेगळं काय? मुख्य फरक आईकडून मिळणाऱ्या शिदोरीचा. आईच्या रक्तातली आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात, आणि त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. दिवस भरेपर्यंत बाळाची पातळी आईइतकी, कधी आईपेक्षा जास्त होते. तिसाव्या आठवड्याच्या आसपास ती आईच्या सुमारे निम्मीच असते. शिवाय ही शिदोरी दर तीन आठवड्यांनी साधारण अर्धी होते. कमी घेऊन निघालेल्याची लवकर संपते.

दुसरा फरक न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा. जंतू शिरला की आधी धावतात त्या याच. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, भिंतीतून बाहेर पडायचं, जंतूपर्यंत पोचायचं, त्याला गिळून मारायचं, असा त्यांचा क्रम. नवजात बाळात चिकटणं आणि पोचणं दोन्ही मंद असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून मंद. जंतू गिळण्याआधी त्यावर प्रतिपिंडांची आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची खूण लागावी लागते, तीही इथे तोकडी पडते. आणि अस्थिमज्जेतला राखीव साठा लहान असल्यामुळे मोठ्या संसर्गात तो झपाट्याने संपतो. मोठ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्या की आपण घाबरतो. नवजात बाळात त्या एकदम घटणं जास्त काळजीचं असतं. पहिल्या दिवशी त्या वाढलेल्या दिसणं तर पुष्कळदा स्वाभाविकच असतं. म्हणून तो आकडा स्वतः लावत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

मोनोसाइट या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी इतर पेशींना सावध करणारे संदेश कमी पाठवतात. त्यात त्वचा पातळ, आणि सुया-नळ्या जातात त्या तिच्यातूनच. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हात धुण्याचा एवढा आग्रह का, ते यावरून लक्षात येईल.

दाह उठवण्याची ताकदच कमी असल्यामुळे संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. तापमान 36.5 अंश सेल्सिअसखाली जाणं, दूध ओढणं कमी होणं, बाळ मलूल पडणं, कण्हणं, श्वास मध्येच थांबणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. घरी आल्यानंतरही हे लागू आहे.

आता आमच्या कामाचा भाग. राहिलेली शिदोरी दुधाने तशीच्या तशी भरून येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. दुधातलं मुख्य प्रतिपिंड वेगळं, आयजीए. ते आतड्याच्या अस्तरावर थांबून जंतूंना आत शिरू देत नाही. जोडीला लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारं प्रथिन आणि आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आतडं सडण्याच्या आजाराचा, म्हणजे एनईसीचा, मोठा धोका असतो. आईच्या दुधाने तो कमी होतो, हे पक्कं ठाऊक आहे.

पहिला चीक थेंबभरच निघाला तरी टाकू नका. बाळ तोंडाने पीत नसेल तर तो गालाच्या आतून लावता येईल का, हे नर्सला विचारा. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच पंप सुरू करा आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी लावा, रात्रीची वेळ चुकवू नका. शक्य तिथे ताजं दूध द्या. गोठवल्याने दुधातल्या जिवंत पेशी मरतात, पण प्रतिपिंडं बरीच टिकतात. म्हणजे गोठवलेलं दूधही वाया गेलेलं नाही. किती वेळ ठेवायचं याबाबत तुमच्या एनआयसीयूचा नियम पाळा, आमच्या पिशवीवरचा नाही. तो निरोगी, दिवस भरलेल्या बाळासाठी असतो.

प्रतिकारशक्तीचे थेंब आम्ही विकत नाही, मागितले तरी आणून देत नाही. नवजात बाळाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय काहीही देऊ नये. लसी मात्र वेळेवर घ्या. त्या सहसा जन्मतारखेपासून मोजतात, अपेक्षित तारखेपासून नाही. वजन फार कमी असेल तर हिपॅटायटिस बीच्या पहिल्या डोसबद्दल डॉक्टर वेगळं सांगतील.

पंपाचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करा, साबणाच्या पाण्याने धुवा, निर्जंतुक करून हवेवर पूर्ण सुकू द्या. नळीत ओल किंवा बुरशीचा डाग दिसला तर ती वापरू नका. आम्हाला कळवा, नवी नळी त्याच दिवशी बदलून देऊ.