सांगता येतं, मग लिहिता का येत नाही?

‘आमच्या घरी शेळी आहे. तिला करडू झाले. मला खूप आनंद झाला.’

पाचवीतल्या एका मुलीच्या वहीतली ही तीन वाक्यं. विषय होता ‘अविस्मरणीय प्रसंग’. लिहायला बसायच्या पाचच मिनिटं आधी तिने हाच प्रसंग मला तोंडी सांगितला होता. रात्री लाईट गेलेली, आजीने गोठ्यात मोबाईलचा उजेड धरलेला. करडू बाहेर आलं पण हलेना. आजीने त्याला गोणपाटाने खसाखसा पुसलं, नाकात फुंकर मारली, तेव्हा ते शिंकलं. सांगता सांगता ती स्वतःच शिंकून दाखवत होती. वहीत मात्र ती शिंक नव्हती, आजी नव्हती, अंधारही नव्हता.

अशा मुलांबद्दल आपण पटकन म्हणतो, ‘हिला काही सुचतच नाही.’ हिला तर भरभरून सुचत होतं. मग तोंडातून कागदावर येईपर्यंत ते गळतं कुठे?

याचं एक फार बोलकं उत्तर १९९४ साली फ्रान्समधले मानसशास्त्रज्ञ बेआत्रिस बुर्दँ आणि मिशेल फायोल यांच्या प्रयोगातून मिळालं. त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना आणि मोठ्यांना शब्दांच्या छोट्या याद्या ऐकवल्या. ऐकलेले शब्द कधी तोंडी सांगायचे, कधी लिहून काढायचे. मोठ्यांना दोन्ही सारखंच जमलं. मुलांना मात्र लिहिताना कमी शब्द आठवले. म्हणजे शब्द डोक्यात शिरले होते, पण लिहिण्याच्या खटाटोपात निसटत होते. पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. त्यांनी मोठ्यांना सवयीच्या अक्षरांऐवजी वळणदार मोठ्या लिपीतली अक्षरं काढत लिहायला लावलं. या अक्षरांची सवय नसल्यामुळे मोठ्यांचेही शब्द निसटू लागले!

आपल्याला हा अनुभव घ्यायचा असेल तर मोडी लिपीचा तक्ता समोर ठेवून कालचा दिवस कसा गेला ते मोडीत लिहून पाहावं. दुसऱ्या ओळीपर्यंत आपलाही निबंध ‘सकाळी उठलो. चहा घेतला.’ असाच होतो.

याचं कारण कार्यस्मृती. चालू कामापुरत्या गोष्टी धरून ठेवणारी ही मनातली पाटी अगदी लहान असते. मोठ्या माणसाच्या पाटीवरही एका वेळी चारेक गोष्टीच मावतात. बोलताना ती पाटी जवळजवळ पूर्ण गोष्टीसाठी मोकळी असते. शिवाय समोरचा माणूस ‘मग?’ म्हणत पुढे ढकलत असतो. लिहिताना तिथे गर्दी होते. ‘पिशवी’ म्हणताना आधी ‘प’ उच्चारतो आणि मग ‘इ’, पण कागदावर पहिली वेलांटी आधी येते. ‘दूध’ लिहिताना दू दीर्घ, ‘दुधात’ लिहिताना दु ऱ्हस्व. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ यांचंही तसंच. आपला हात हे आपोआप करतो. दहा वर्षांचं मूल ‘दू’पाशी थबकतं, बाईंचं लाल पेन आठवतं, आणि तेवढ्यात पाटीवरची आजी पुसली जाते.

म्हणून अक्षराचा सराव मला महत्त्वाचा वाटतो, पण तो हात सवयीने चालावा यासाठी. मोत्यासारखं अक्षर आलं नाही तरी चालेल. अक्षर काढताना विचार करावा लागू नये, एवढं पुरे.

पण हात सुटला म्हणजे काम झालं असंही नाही. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी कॅनडात मुलांच्या लेखनाचा बराच अभ्यास केला आणि १९८७ साली सुचेल ते सांगत जाणं आणि विचार घडवत लिहिणं असा एक उपयोगी भेद मांडला. लहान मुलं विषयाचा शब्द घेऊन मनात डोकावतात, जे हाती लागेल ते लिहितात, मग पुढचं शोधतात. माहिती संपली की निबंध संपला. आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा गाईचा निबंध असाच असतो. चार पाय, दोन शिंगं, दूध, शेण. यातल्या वाक्यांची अदलाबदल करून पाहा, काहीही बिघडत नाही, कारण एकही वाक्य आधीच्या वाक्यातून आलेलं नसतं. करडाच्या गोष्टीत मात्र फुंकरीच्या आधी शिंक आणून चालत नाही.

असा क्रम, अशी कारणं मांडता येणं पाचवीत फार गरजेचं असतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार हे प्राथमिकचं शेवटचं वर्ष. सहावीत परिसर अभ्यास जाऊन विज्ञान, इतिहास, भूगोल वेगळे होतात आणि ‘का ते लिहा’ हा प्रश्न रोजचा होतो. तेव्हा पाठ केलेला निबंध कामाला येत नाही, आणि अशा निबंधांवर वर्षं घालवल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग शिकवायचं कसं? स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. आखणी कशी करायची, लिहिलेलं पुन्हा कसं पाहायचं, याच्या युक्त्या पायरीपायरीने शिकवल्याचा परिणाम सगळ्यात मोठ्या परिणामांपैकी एक निघाला, अधिक ०.८२ (या मापात शून्य म्हणजे काहीच फरक नाही, अधिक म्हणजे लेखन सुधारलं, वजा म्हणजे उलट बिघडलं). सुटी वाक्यं जोडण्याच्या सरावाचा परिणाम अधिक ०.५०, तर व्याकरण वेगळं काढून शिकवल्याचा वजा ०.३२. व्याकरण नको, असा याचा अर्थ मी घेत नाही. ते मुलाच्या स्वतःच्या वाक्यात शिकवावं, इतकंच.

इंग्लंडमधल्या कॅल्डरडेल भागात या युक्त्या नेमक्या याच वयावर वापरल्या गेल्या. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षातल्या, लेखनात मागे असलेल्या मुलांना आधी एखादा लक्षात राहील असा अनुभव द्यायचा, सहलीला न्यायचं, मग आखणी करून लिहायचं आणि स्वतःच तपासायचं. २०१४ च्या अहवालात ही मुलं सुमारे नऊ महिन्यांच्या शिक्षणाइतकी पुढे गेलेली दिसली. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा बराच कमी भरला, हेही सांगायला हवं. नुसती युक्ती दुसऱ्या शाळेत नेली म्हणून तिचा तेवढाच गुण येईल असं नाही.

करडाची गोष्ट सांगणाऱ्या मुलीबरोबर आम्ही साधंच केलं. पाठकोऱ्या कागदावर चार चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीत तिने एकच शब्द लिहिला: अंधार, गोणपाट, फुंकर, शिंक. आता गोष्ट पाटीवर धरून ठेवायला नको, ती कागदावर होती. मग एकेक वाक्य आधी मोठ्याने म्हणायचं, नंतर लिहायचं. चुका त्या दिवशी बघायच्याच नाहीत. ‘करडू हलेना. आजीने फुंकर मारली.’ ही दोन वाक्यं जोडून बघ म्हटल्यावर ‘करडू हलेना म्हणून आजीने त्याच्या नाकात फुंकर मारली’ असं आलं. तो ‘म्हणून’ तिचा तिने शोधला.

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला वाचून दाखवलं. मैत्रीण म्हणाली, ‘पण तेव्हा शेळी काय करत होती?’ हिने वही पाहिली. पानावर जागा उरली नव्हती. मग वही आडवी धरून समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘शेळी आजीचा हात चाटत होती.’