पार्श्वभूमी: जिवावर बेतणारा मलेरिया नेमका कोणाला गाठतो?

मलेरिया कोणाला मारतो, याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी सोपं वाटायचं. परक्याला. पश्चिम आफ्रिकेला 'गोऱ्यांची दफनभूमी' म्हणत, कारण बोटीतून उतरलेले शिपाई, पाद्री आणि व्यापारी वर्षभरात पटापट मरत. स्थानिक माणूस मात्र हिंडताफिरता दिसे. त्याचं रक्तच वेगळं, अशी सोयीची समजूत त्यातून तयार झाली.

त्या समजुतीला पहिला धक्का जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी दिला. 1900 मध्ये न्यू गिनीत त्यांनी गावकऱ्यांच्या रक्ताच्या काचा वयानुसार लावून पाहिल्या. तान्ह्या मुलांच्या रक्तात जंतूंची गर्दी होती, मोठ्यांच्या रक्तात जवळपास काही नाही. म्हणजे मोठी माणसं जन्मतः सुरक्षित नव्हती; लहानपणी पुन्हा पुन्हा तापातून गेली आणि तगली होती. जी तगली नाहीत, ती मोजणाऱ्यांच्या नजरेस पडलीच नव्हती. 1961 मध्ये गांबियात सिडनी कोहेन आणि इयान मॅकग्रेगर यांनी याचा पुरावाच दिला. प्रौढ गांबियन लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, आजारी मुलांना टोचली, तेव्हा मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने घटले.

पण ताप येणं वेगळं आणि जिवावर बेतणं वेगळं. हा फरक मुख्यतः मलेरियाच्या जंतूच्या एका जातीमुळे पडतो, ती म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपेरम. आपल्याकडे आशाताई किटवर बघून 'पीएफ निघाला' म्हणते, तोच हा. मार्कियाफाव्हा आणि बिन्यामी या इटालियन डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शवविच्छेदनात मेंदूच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या जंतू शिरलेल्या पेशींनी गच्च भरलेल्या दिसल्या. फाल्सिपेरम ज्या तांबड्या पेशीत वाढतो, तिच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उगवतात. मग ती पेशी वाहत न राहता वाहिनीच्या भिंतीला धरून बसते. त्यामुळेच कधी काचेवर जंतू थोडेच दिसतात आणि रोगी मात्र बेशुद्ध पडलेला असतो.

ही प्रथिनं म्हणजे मुखवटे समजा. एका जंतूजवळ असे सुमारे 60 मुखवटे असतात आणि शरीराला ते एकेक करून ओळखावे लागतात. नेमके घातक मुखवटे लवकर ओळखले जातात, असं दिसतं. 1999 मध्ये सुनेत्रा गुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकदोन संसर्गांनंतरच जिवावरच्या आजारापासून बरंच संरक्षण मिळतं, साधा ताप मात्र पुढे कित्येक वर्षं येत राहतो. पहिल्या गरोदरपणातलं कोडंही यातूनच सुटलं. लहानपणापासून हिवताप पचवलेली बाई पहिलटकरीण झाली की पुन्हा गंभीर आजारी का पडते? वार (प्लॅसेंटा) हा जंतूंना बसायला मिळालेला नवा पाट असतो. त्याला चिकटणारा मुखवटा तिच्या शरीराने आधी पाहिलेलाच नसतो. 1996 मध्ये मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी हे चिकटणं नेमकं कशाला होतं ते दाखवलं. पुढच्या बाळंतपणांत धोका घटतो.

रक्त वेगळं असण्याची जुनी समजूत अगदीच खोटी नव्हती, पण ती वंशाला चिकटवणं खोटं होतं. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं, की सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, एकच जनुक असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. गंभीर मलेरियाचा धोका अशा वाहकांत जवळपास 90 टक्क्यांनी कमी असतो. दोन्ही जनुकं असलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला मात्र हाच मलेरिया अधिक घातक ठरतो. गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलची तपासणी करणाऱ्यांनी हा फरक घरच्यांना आवर्जून समजावून सांगायला हवा. 'सिकलवाल्याला मलेरिया होत नाही' हे अर्धवट ज्ञान महागात पडेल.

मुलांच्या आजाराचं बारकाईने मोजमाप सुरू झालं ते 1980 च्या दशकात, मलावीतल्या ब्लँटायर शहरात. बोलताच न येणाऱ्या मुलाची शुद्ध मोजायची कशी? माल्कम मॉलिनो आणि टेरी टेलर यांच्या चमूने पाच गुणांची साधी पट्टी बनवली. छातीच्या हाडावर दाबलं की मूल हात तिकडे नेतं का, नीट रडतं की नुसतं कण्हतं, आणि आईच्या चेहऱ्यामागे डोळे फिरवतं का. दोन किंवा कमी गुण म्हणजे खोल बेशुद्धी. 1995 मध्ये केनियातल्या किलिफीत केविन मार्श यांच्या गटाने 1,844 मुलांच्या नोंदींवरून दाखवलं, की हरपलेली शुद्ध आणि लागलेली धाप ही दोन लक्षणं बहुतेक मृत्यू आधीच ओळखू देतात. दोन्ही खाटेशेजारी उभं राहून दिसतात, प्रयोगशाळा लागत नाही.

त्यानंतरचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. टेलर यांनी मेंदूच्या मलेरियाने दगावल्याची नोंद असलेल्या 31 मुलांचं शवविच्छेदन केलं आणि 2004 मध्ये प्रसिद्ध केलं, की त्यांतल्या 7 जणांच्या मृत्यूचं कारण वेगळंच होतं. रक्तात जंतू सापडला म्हणून तोच मारेकरी, असं नसतं. फरक कळत होता तो डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरून. खऱ्या मेंदूच्या मलेरियात तिथे पांढुरके डाग आणि रंग बदललेल्या वाहिन्या दिसतात.

आशियातलं चित्र वेगळं आहे. जिथे डास क्वचित चावतो तिथे प्रतिकारशक्ती तयारच होत नाही, म्हणून ओडिशात धडधाकट तरुणही अत्यवस्थ होतो. लहान मुलांत झटके आणि तीव्र रक्तक्षय जास्त, मोठ्यांत कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं आणि फुप्फुसात पाणी. 2005 मध्ये भारतासह चार देशांतल्या 1,461 रुग्णांवरच्या चाचणीने, ज्यात बहुतेक प्रौढ होते, जुन्या कोयनेलची सद्दी संपवली: कोयनेलवर 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट या नव्या औषधाच्या इंजेक्शनवर 15 टक्के. आफ्रिकेतल्या मुलांवर तीच चाचणी व्हायला 2010 उजाडलं. जिथे मृत्यू सर्वाधिक, तिथला पुरावा पाच वर्षं उशिरा!

2023 मध्ये जगात मलेरियाने सुमारे 6 लाख माणसं गेली, त्यांतली सुमारे 95 टक्के आफ्रिकेत, आणि तिथे दर चारांमागे तीन पाच वर्षांखालची मुलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली मलेरियावरची आर-21 लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिचा पहिला डोस पाचव्या महिन्याच्या सुमारास देतात, आईकडून आलेलं संरक्षण ओसरू लागतं तेव्हा.