आत्मकथनातील आठवण आणि अर्थ : पार्श्वभूमी

आत्मकथन लिहिताना घडलेली घटना आणि तिला आज लावलेला अर्थ यांची सरमिसळ होते, हा आक्षेप अलीकडचा वाटत असला, तरी तो या लेखनप्रकाराइतकाच जुना आहे. इ. स. ४००च्या सुमारास ऑगस्टीन या बिशपने लॅटिनमध्ये ‘कन्फेशन्स’ लिहिले. पहिल्या नऊ भागांत स्वतःची जीवनकहाणी सांगून झाल्यावर, ज्या स्मृतीच्या भरवशावर ती सांगितली ती स्मृती म्हणजे नेमके काय, याचाच शोध तो दहाव्या भागात घेऊ लागतो. सरलेले दुःख आठवताना आपण दुःखी असतोच असे नाही, उलट कधी आनंदातही असतो, याचे त्याला नवल वाटते.

जैन व्यापारी आणि कवी बनारसीदासाने १६४१ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र रचले, तेव्हा माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून आपण निम्मीच कथा सांगत आहोत, असे त्याने मानले. आयुष्याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही, ही कबुली त्या नावातच आली. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याच्या मृत्यूनंतर १७८२ पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा सूर याहून वेगळा आहे. कुठे किरकोळ सजावट झाली असेलच, तर ती विस्मरणाने पडलेली पोकळी भरण्यापुरती, असे तो आरंभीच बजावतो. ती किरकोळ होती की नाही हे ठरवणाराही तोच, एवढीच यातली अडचण.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला देऊन ती काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगता सांगता कथेतल्या ‘कनू’ या अरुंद नावेची साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली आणि भुतांचा न उमगणारा भाग एक तर गळाला किंवा त्याला कारण जोडले गेले. आठवणे म्हणजे अर्थ लावत केलेली पुनर्रचना, हे त्यांनी १९३२ च्या ग्रंथात मांडले.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानाचा स्फोट झाला. ती बातमी कुठे आणि कशी कळली, हे अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेण्यात आले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारले, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा सर्व मुख्य तपशिलांत चुकला. त्यांतल्या अनेकांना आपल्या आठवणीची खात्री मात्र भरपूर होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही मूळ आठवण परतली नाही.

आत्मकथनकाराच्या दृष्टीने हा शेवटचा तपशील सर्वांत अवघड आहे. जुनी रोजनिशी सापडली तर घटनाक्रम दुरुस्त करता येतो. परंतु चुकीच्या आठवणीवर विसंबून त्याने एखाद्याशी वर्षानुवर्षे अबोला धरला असेल, तर तो अबोला खराच घडलेला असतो, आणि तो वाचकाला कळायचा तर रोजनिशीतली नोंद आणि ती चुकलेली आठवण, दोन्हींना पुस्तकात जागा द्यावी लागते.