गर्भाशयमुखाच्या कर्कपूर्व विकृतींवरील उपचार

गर्भाशयमुखाच्या अस्तरातील पेशी कर्करोगाच्या दिशेने बदलू लागल्या, पण अस्तराखाली शिरल्या नाहीत, अशा अवस्थेत करावयाचे उपचार. मुळाशी मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) चिवट संसर्ग असतो. सीआयएन (अस्तरातील कर्कपूर्व बदल) 1, 2, 3 या सौम्य ते तीव्र श्रेणींची परिभाषा 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ट यांनी रूढ केली. सीआयएन 1 बहुधा आपोआप ओसरतो. तेथे नजर ठेवणे पुरते. सीआयएन 3 तसाच सोडणे घातक ठरते : न्यूझीलंडमधील पुरेसे उपचार न मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 31 टक्के स्त्रियांना 30 वर्षांत कर्करोग झाल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

विकृत भाग जागीच नष्ट करणे किंवा कापून काढणे, हे दोन मार्ग. पहिल्यात क्रायोथेरपी (3 मिनिटे गोठवणे, 5 मिनिटे वितळू देणे, पुन्हा 3 मिनिटे गोठवणे) आणि उष्णतेने पेशी मारणे येते. उष्णतेच्या या पद्धतीचे ‘शीत क्लथन’ (क्लथन म्हणजे साकळणे) हे जुने नाव दिशाभूल करणारे आहे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ झेम यांच्या 1960 च्या दशकातील या उपकरणाचे टोक 100 अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापते. विजेच्या डागणीच्या मानाने ते ‘थंड’, एवढाच नावाचा आधार असावा. त्यामुळे ‘उष्मोपचार’ हेच नाव अधिक युक्त. प्रत्येक जागी 20 ते 30 सेकंद पुरतात आणि क्रायोथेरपीला लागणारे वायूचे सिलिंडर येथे लागत नाही. खेड्यातील दवाखान्यासाठी ही सोय मोलाची आहे.

विकृती गर्भाशयमुखाच्या नलिकेत आत गेली असेल, तिची कड दिसत नसेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर जाळून वा गोठवून टाकणे चूक. ऊतक तपासणीला हवेच. अशा वेळी विजेच्या तारेच्या फासाने भाग कापतात (लीप) किंवा शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. छेद खोल गेल्यास पुढील बाळंतपण अकाली होण्याचा धोका वाढतो. केवळ या विकृतीसाठी गर्भपिशवी काढणे हा पहिला उपचार नव्हे.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 स्त्रियांच्या तुलनात्मक अभ्यासात (2009) एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने व त्यामागोमाग दिलेल्या उपचाराने, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उपचारानंतर 12 महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.