बशी सोडून निघणारा स्नायू

काचेच्या बशीत स्नायुपेशी वाढवल्या की त्या एकमेकींत मिसळून लांब तंतू बनवतात. हे तंतू पुढे आपसूक आखडू लागतात आणि त्याच ओढीने तळापासून सुटतात. जिवापाड जपलेला थर एका कडेने उचलला जातो, गोळा होतो आणि वाया जातो. प्रयोगशाळेत त्रिमितीय स्नायू घडवण्याचा इतिहास माझ्या मते या सुटणाऱ्या थराभोवतीच फिरतो.

पेशी जगवण्याची विद्या जुनी आहे. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातली चेता-ऊती शरीराबाहेर लसिकेच्या थेंबात वाढवली. मार्गारेट आणि वॉरेन लुईस यांनी १९१७ मध्ये संवर्धनातल्या पट्टेदार स्नायूचं वर्णन छापलं. पेशी मिळाल्या, स्नायू मिळेना. शरीरात स्नायूची दोन्ही टोकं कंडरांनी हाडाला बांधलेली असतात. बशीत त्याला धरायला काहीच नव्हतं.

१९८८ मध्ये हर्मन वँडनबर्ग आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या स्नायुतंतूंना कोलाजेन या प्रथिनाच्या मऊ जेलचा आधार दिला. जोरात आखडणारे तंतूही त्यात टिकून राहिले. २००० साली मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट डेनिस आणि पॉल कोस्निक यांनी तर थर सुटू नये म्हणून झगडणंच सोडलं. बशीत समोरासमोर रेशमी टाक्याच्या धाग्याचे तुकडे रोवले आणि थर खुशाल सुटू दिला. दोन टोकं धाग्यांना धरून राहिली आणि मधला भाग वळून दोरीसारखा झाला. विजेचा झटका दिला की त्याचा जोर मोजता येई. इतकी वर्षं ज्याने काम बिघडवलं, त्याच ओढीला त्यांनी कामाला लावलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जाडीचा प्रश्न मात्र राहिला. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडच्या पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. शुलामित लेव्हनबर्ग यांच्या गटाने २००५ मध्ये स्नायुपेशींसोबत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही वाढवल्या, आणि स्नायूत वाहिन्यांचं जाळं उभं राहिलं.

दुरुस्तीचा धागा १९६१ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून असलेल्या उपग्रह पेशी, म्हणजे इजा झालेला स्नायू पुन्हा घडवणाऱ्या राखीव पेशी, दिसल्या. २०१४ मध्ये ड्यूक विद्यापीठात नेनाद बुर्साक यांच्या गटाने घडवलेला स्नायू सापाच्या विषातल्या द्रव्याने इजा झाल्यावर याच पेशींच्या बळावर पुन्हा सावरला. पुढच्याच वर्षी त्यांनी मानवी पेशींपासून आकुंचन पावणारा स्नायू तयार केला, आणि औषधांना तो कसा प्रतिसाद देतो हे तपासलं.