कुलपाची लाकडी पेटी (कोल्हापूर)

दागिने, रोकड किंवा खरेदीखते ठेवण्यासाठी सुताराने हाताने घडवलेली, कुलूप असलेली पेटी. कोल्हापुरात पेढीवर तिला गल्ला म्हणतात, घरात ती दागिन्यांची पेटी. साज (पाने म्हणजे छोटी पदके ओवलेला गळ्यातला दागिना) ठेवायचा असेल तर आत उथळ खण हवा. साज पसरून राहिला पाहिजे, गुंडाळला की पानांच्या कड्या वाकतात.

आखणी कुलपापासून सुरू होते, आणि हे अनेकजण विसरतात. कुलूप पुढच्या फळीत आतून खोदून बसवायचे असते. फळी १८ मिमी आणि खोदाई १० मिमी असेल, तर बाहेर ८ मिमीच लाकूड उरते. म्हणून कुलूप आधी आणावे, फळी मागाहून रंधावी.

झाकणाच्या आतल्या बाजूला धातूची पट्टी असते, तिचे कान कुलपात उतरतात. किल्ली फिरवली की जिभली (कुलपातला सरकता दांडा) आडवी सरकून त्यांच्यातून जाते. लिव्हरच्या (आतल्या छोट्या तरफांच्या) कुलपात किल्लीचा प्रत्येक दाता आपला लिव्हर ठरलेल्या उंचीपर्यंतच उचलतो. कमी-जास्त झाले की जिभली अडते. या रचनेचे पेटंट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये घेतले. पट्टीची जागा मोजून काढण्यापेक्षा सोपी युक्ती आहे: पट्टी कुलपात अडकवून किल्ली फिरवायची, पट्टीच्या पाठीला काजळ लावायचे आणि झाकण दाबायचे. खूण नेमकी उमटते.

लाकूड सागवानाचेच घ्यावे. लाकूड ओल धरले की रेषांना आडवे फुगते, लांबीत जवळपास नाही. सागवान त्यातल्या त्यात कमी हलते. गगनबावड्याकडून येणारा आषाढातला पाऊस शहरात आठवडेच्या आठवडे दमट हवा ठेवतो. एकसंध रुंद फळीचे झाकण अशा वेळी एक-दोन मिलिमीटर पुढे सरकते, आणि एवढ्यानेच पट्टीचे कान कुलपात उतरेनासे होतात. दोष कुलपाला दिला जातो, कानस चालवली जाते, दिवाळीनंतर तेच कुलूप खिळखिळे वाटते. खरा उपाय चौकटीच्या झाकणाचा: चौकट पक्की, मधली फळी खाचेत सुटी, तिला सरस लावायचा नाही. तळाची फळीही तशीच.

कोपऱ्यांना डव्हटेल सांधा, म्हणजे टोकाकडे रुंदावणारे दाते (शेपट्या) एकमेकांत अडकवलेला सांधा. शेपट्या बाजूच्या फळ्यांवर काढाव्यात, मग पुढची फळी ओढून निघत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू पेटी मिटल्यावर झाकले गेले पाहिजेत. बाहेर कडी-कोयंडा ठोकलेली पेटी पेचकसाने उघडते, कुलूप कितीही भारी असो. पितळी स्क्रू सागवानात मोडतात. आधी भोक पाडून लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी बसवावा.

बाहेरून लाखेचे पॉलिश, आतूनही तेच. जवसाचे तेल आत लावू नये, बंद पेटीत त्याचा वास वर्षानुवर्षे कोंडून राहतो. कुलपातही तेल घालू नये, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली की जिभली मोकळी चालते.