हातभाता घरीच जोडा – किटसोबतचं माहितीपत्रक

किट घेतल्याबद्दल थँक्यू! हातोडी उचलायच्या आधी हे पान एकदा नीट वाचा, कारण भात्यात एकदा चामडं चढलं की आत हात जात नाही, मग आत काही चुकलं असेल तर सगळं परत उचकटायला लागतं.

किटमध्ये काय काय आहे ते बघून घ्या. सागवानी फळ्या दोन, बकऱ्याचं चामडं, लोखंडी नळी बसवलेला ठोकळा, वेताची कांबी, चुका (म्हणजे बारीक खिळे) आणि पितळी डोक्याचे खिळे. फेविकॉल, हातोडी, आरी आणि कात्री तुमची.

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या जुन्या बंगल्यांतल्या फायरप्लेससाठी लोक आमच्याकडून भाता नेतात, पण त्याहून जास्त जण तो नेतात बंबासाठी, चुलीसाठी, नाहीतर गच्चीवरच्या बार्बेक्यूसाठी. फुंकणी काय वाईट आहे असं विचारतात, तर वाईट काहीच नाही, आमच्या घरी अजून आहे, फक्त तोंडाने सोडलेल्या हवेत ऑक्सिजन १६-१७ टक्केच उरलेला असतो, बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, शिवाय तोंडाची हवा दमट, आणि डोळ्यात धूर जातो तो वेगळाच. भाता दीड फूट लांब, त्यामुळे तोंड लांब राहतं आणि निखाऱ्याला ताजी हवा मिळते.

आता खरं सांगायचं तर लोक लाकडावर भाळतात. नक्षी करून द्या, पॉलिश चकचकीत पाहिजे, वगैरे. करा हौस, पण भाता चालतो तो चामड्यावर आणि झडपेवर, फळी आंब्याची असली तरी हवेला फरक पडत नाही.

झडप आधी

खालच्या फळीच्या मधोमध ४० मिलिमीटरचं भोक पाडून दिलंय. नळीचं भोक १० मिलिमीटर आहे, म्हणजे हवा आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेपेक्षा सोळापट मोठी, आणि ती तशीच पाहिजे, नाहीतर मूठ उघडताना जोर लागतो आणि नळीतून राख आत ओढली जाते. चामड्याचा छोटा चौकोनी तुकडा दिलाय तो या भोकावर आतल्या बाजूने ठेवायचा, खरखरीत मऊ बाजू लाकडाकडे, ती लाकडावर जास्त घट्ट बसते. समोरासमोरच्या दोनच कडांना चुका मारायच्या, बाकी दोन कडा मोकळ्या. आणि ताणून मारू नका!! मधे करंगळी जाईल एवढा ढिलेपणा ठेवा. मूठ उघडली की आत पोकळी होते, बाहेरची हवा हा तुकडा उचलून आत शिरते, मूठ दाबली की तोच तुकडा भोकावर चिकटतो आणि हवेला नळीशिवाय वाट राहत नाही. एवढंच मशीन आहे हे.

मग बिजागरी. नळीचा ठोकळा खालच्या फळीला आधीच पक्का केलाय, वरची फळी त्याला चामड्याच्या पट्टीने जोडायची. लोखंडी बिजागरी लावू नका, तिच्या फटीतून हवा निसटते.

वेताची कांबी चामड्याच्या आतून येते, दोन्ही फळ्यांच्या बरोबर मधे. ती नसेल तर मूठ उघडताना चामडं आत ओढलं जातं आणि भात्यात हवा कमी भरते. बरेच जण ही पायरी गाळतात, भाता चालतो, पण अर्ध्या दमाने.

चामडं चढवताना

चामडं कापायच्या आधी फळीच्या कडेने दोरी फिरवून लांबी मोजा. आकार मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. मुठीकडे १५ सेंटिमीटर आणि वर दोन्ही कडांना एक-एक सेंटिमीटर जास्त, नळीकडे ४ पुरे. दोन फळ्यांच्या मुठींमधे, चामड्याच्या बाहेर, १५ सेंटिमीटरचा लाकडाचा तुकडा अडकवून भाता पूर्ण उघडा ठेवा, चामड्याला पाण्याचा हात फिरवा, फळीच्या कडेला फेविकॉल लावा आणि मुठीच्या मधोमध पहिली चूक मारून तिथून डावी-उजवीकडे आलटून पालटून नळीपर्यंत या. एका टोकाकडून सुरू केलं तर शेवटी सगळी सुरकुती एका कोपऱ्यात गोळा होते, ती काही केल्या जात नाही. वरून पातळ पट्टी आणि तिच्यावर पितळी खिळे. एक रात्र वाळू द्या, उन्हात नाही, सावलीत.

रेक्झिन चालेल का हा प्रश्न रोजचा आहे. नाही चालणार. आगीजवळ ते मऊ पडतं आणि घडीवर चिरतं. कोल्हापुरीचं जाड चामडं पण नको, ते दुमडत नाही. नळी बदलायची झाली तर अ‍ॅल्युमिनियम टाळा, ते ६६० अंशालाच वितळतं आणि फुंकलेला निखारा त्याच्या पुढे जातो.

टेस्ट: नळीच्या तोंडावर अंगठा दाबून मूठ दाबा, हाताला विरोध जाणवला पाहिजे. नसेल जाणवत तर पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवा, जिथे धूर उडेल तिथे गळती, तिथे अजून एक चूक.

वापरताना भोकाची बाजू खाली. उलटा धरला तर झडप लोंबते आणि हवा तिथूनच परत जाते, मग फोन येतो की भाता खराब आहे. नळी निखाऱ्यात खुपसायची नाही, वीतभर लांब धरा, नाहीतर उघडताना ठिणगी आत जाईल आणि चामडं जळेल. राखेवर फुंकू नका, लाकडाच्या बुडाशी फुंका, सावकाश आणि लांब दाब, फटाफट मारून काही होत नाही. रॉकेल ओतलेल्या आगीवर भाता अजिबात नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी असेल तर भाता मारून कार्बन मोनॉक्साइड जात नाही, खिडकी उघडी ठेवाच.

पावसाळ्यात कोकणात चामड्याला बुरशी धरते, प्लास्टिकच्या पिशवीत तर हमखास, म्हणून खुंटीला टांगून ठेवा. वर्षातून एकदा एरंडेलाचा हलका हात, जास्त नको.

चामडं कधीतरी जाणारच, फळ्या आणि नळी राहते. नवीन चामडं चढवायला भाता पाठवणार असाल तर नळीतली राख झटकून पाठवा, आणि निघालेले पितळी खिळे फेकू नका, तेच परत लावून देतो.